आरसेटीचं मोफत प्रशिक्षण: बचत गटातल्या बायकांनी अर्ज कसा करायचा, कागद कोणते लागतात

"शिवणकाम शिकायचंय, पण तालुक्याच्या क्लासवाल्या बाई पाच हजार मागतात," असं गटाच्या बैठकीत कुणी म्हटलं की मी आधी विचारते, आरसेटीत चौकशी केलीस का? बहुतेक वेळा उत्तर येतं, "ते काय असतं?"

आरसेटी म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था. कार्यक्रम केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाचा, पण संस्था चालवते बहुधा त्या जिल्ह्याची अग्रणी बँक, म्हणजे जिल्ह्यासाठी नेमलेली मुख्य बँक. त्यामुळे पाटीवरचं नाव जिल्ह्यागणिक बदलतं आणि बायका शोधत फिरतात. पुण्यात ती बँक ऑफ महाराष्ट्रची आहे, कोल्हापूर-रत्नागिरीत बँक ऑफ इंडियाची, तिच्या नावात 'स्टार' असतं. मूळ कल्पना कर्नाटकातली. धर्मस्थळजवळच्या उजिरे गावात 1982 साली अशी पहिली संस्था निघाली, तीच पद्धत पुढे देशभर नेली.

प्रशिक्षण, राहणं, जेवण, सरावाचा कच्चा माल, सगळं फुकट. कुणी "फॉर्मचे दोनशे द्या, नंबर लावून देतो" म्हणालं तर उठून घरी यावं. यात एजंट नसतो.

काय शिकवतात

महिला शिवणकाम साधारण महिनाभराचं, ब्यूटी पार्लरही तेवढंच. पापड-लोणची-मसाले, शेळीपालन, कुक्कुटपालन, अळिंबी (मशरूम), दुग्धव्यवसाय आणि गांडूळ खत हे साधारण दहा दिवसांचे. बँक सखीचा (गावात बँकेची कामं करून देणारी बाई) वर्ग साधारण सहा दिवसांचा. कौशल्यासोबत हिशेब, भाव कसा काढायचा, बँकेशी कसं बोलायचं हेही असतं. बायकांना हा भाग आधी कंटाळवाणा वाटतो. पण ब्लाऊजची शिलाई किती सांगायची हे ज्या बाईला कळत नाही, तिची मशीन वर्षभरात कपड्याच्या गाठोड्याखाली जाते, म्हणून तो तास बुडवू नका.

कोणाला मिळतं

ग्रामीण भागातली रहिवासी, वय 18 पूर्ण. वरची मर्यादा पत्रकांवर 45 छापलेली असते. तुम्ही त्याच्या आसपास असाल तर फोन करून विचारा, वयाच्या दाखल्यावर स्वतःच निकाल लावून घरी बसू नका. शिवणकाम, शेळीपालन अशांना लिहिता-वाचता येणं पुरतं. काही वर्गांना आठवी-दहावी लागते.

प्राधान्य दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना, कारण त्यांच्या प्रशिक्षणाचा खर्च मंत्रालय देतं. इथं बायका घाबरतात, की आपलं कार्ड केशरी, मग आपलं काय? उमेदच्या (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) बचत गटात तुम्ही किंवा घरातली कुणी सदस्य असेल तर गटाचा दाखला घ्या. रोजगार हमीचं जॉबकार्ड असेल तर तेही सोबत ठेवा. दोन्ही नसेल तरी आधी विचारा, काही जागा इतरांनाही मिळतात.

अर्ज कुठे द्यायचा

दोन वाटा. एक, थेट संस्थेत जाऊन साधा एक पानी अर्ज भरायचा. दुसरी वाट गटाची: ग्रामसंघाच्या (गावातल्या सगळ्या गटांच्या संघाच्या) बैठकीत इच्छुकांची नावं घ्यायची आणि समुदाय संसाधन व्यक्तीमार्फत (आपण जिला सीआरपी ताई म्हणतो) तालुक्याच्या उमेद कक्षात यादी पाठवायची. कौशल पंजी या पोर्टलवरही नोंदणी होते, पण नुसती ऑनलाइन नोंदणी करून वाट बघत बसू नका, मागोमाग फोन करा. मला विचाराल तर दुसरी वाट बरी, कारण तिच्यात अनेकजणींचं एकदम होतं. तुकडी 25 ते 35 जणींची असते. तेवढ्या बायका एकाच पंचक्रोशीत जमल्या तर संस्था गावात येऊनही वर्ग घेते.

हे फार थोड्यांना ठाऊक असतं, आणि ज्यांच्या कडेवर मूल आहे त्यांच्यासाठी हाच खरा मार्ग. तीस दिवस जिल्ह्याला राहायचं म्हटलं की सासू आधी म्हणते, "पोराला कोण बघणार?" गावच्या समाजमंदिरात वर्ग भरला की तोच प्रश्न सुटतो. त्यासाठी ग्रामसंघाचा ठराव करा. त्यात इच्छुकांची नावं, कोणता वर्ग हवा ते, आणि जागा, वीज, पाणी, शौचालयाची सोय लिहा. "महिलांना प्रशिक्षण मिळावे" एवढंच लिहिलेला ठराव फाइलीत पडून राहतो.

कागद, आणि त्यातला खरा घोळ

आधार कार्ड, रेशन कार्ड, गटाचा दाखला किंवा जॉबकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, बँक पासबुकाचं पहिलं पान, तीन-चार फोटो, जात प्रमाणपत्र असेल तर तेही. यादी एवढीच.

अडतं ते नावावर. मागच्या पावसाळ्यात एक ताई पिशवी घेऊन आमच्याकडे आली. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पासबुकात सासरचंच पण आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी. रेशन कार्डावर तर तिचं नावच नव्हतं. लग्नाला सात वर्षं झाली, सासऱ्यांनी चढवलंच नव्हतं. प्रशिक्षणाला तिला घेतलं असतं, पण प्रमाणपत्रावर अर्जातलं नाव छापतात आणि पुढे कर्जाला गेलं की बँक तेच पासबुकाशी ताडून बघते.

म्हणून अर्जाच्या महिनाभर आधी सगळे कागद जमिनीवर मांडा आणि नाव अक्षर-अक्षर जुळवा. सासरचं नाव कायम ठेवायचं तर विवाह नोंदणीचा दाखला हवा. गावात ती नोंदणी ग्रामसेवकाकडे होते. त्यावर आधार दुरुस्त करा, आधारवर पासबुक, आणि रेशन कार्डात नाव चढवा. हा क्रम उलटा केला तर चकरा दुप्पट.

दुसरी गोष्ट मोबाइलची. आधारला नंबर बहुतेक नवऱ्याचा जोडलेला असतो. ओटीपी येतो आणि तो रानात असतो, किंवा मुंबईला. स्वतःचा नंबर आधार केंद्रात जाऊन जोडून घ्या.

कर्जाचा विचार आधीच

प्रशिक्षणानंतर बँकेकडे अर्ज पाठवायला संस्था मदत करते, मंजुरी मात्र शाखेच्या हातात. मुद्रा योजनेत 'शिशु' या लहान कर्जाच्या प्रकारात 50 हजारांपर्यंत कर्ज तारणाशिवाय मिळतं. शिलाई मशीन, पिको मशीन आणि थोडं कापड यांना तेवढं पुरेसं आहे. मोठं काही करायचं असेल तर प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण महिलेला प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के अनुदान ठरवलेलं आहे आणि स्वतःचे फक्त 5 टक्के घालावे लागतात. त्या वर्षी अर्ज चालू आहेत का हे जिल्हा उद्योग केंद्रात विचारा. अर्ज धंदा सुरू करण्याआधी करायचा, आधीच चालू असलेल्या धंद्याला हे 35 टक्के अनुदान लागू नाही.

अर्ज फेटाळण्याचं जे कारण मी सगळ्यात जास्त पाहिलंय ते म्हणजे मायक्रोफायनान्सचा थकलेला हप्ता. कर्ज दिराच्या बोअरवेलसाठी काढलेलं, सही मात्र हिची. आपल्या नावावर काय आहे ते आधी बघा. कर्जांची नोंद ठेवणाऱ्या प्रत्येक क्रेडिट कंपनीकडून (सिबिल ही त्यातली एक) वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारकडची नोंदणी, हीही फुकट आहे, तिच्यासाठी सायबर कॅफेवाल्याला हजार रुपये देऊ नका. तो टायपिंगचे घेईल तेवढेच द्या.

वर्ग संपला म्हणून संबंध संपत नाही. दोन वर्षं संस्था पाठपुरावा करते, फोन करते, कर्ज अडलं तर शाखेत शब्द टाकते. फोन नंबर बदलला तर तो त्यांना कळवा. बंद नंबरवर कोणी तीनदा फोन करत नाही.