व्यायामोत्तर वाहिनीविस्फारण

चालणे, धावणे, पोहणे यांसारखा एरोबिक व्यायाम एकदाच केल्यावर रक्तवाहिन्यांच्या रुंदावण्याच्या क्षमतेत काही मिनिटांपासून सुमारे एक दिवस टिकणारा बदल. नियमित सरावाने वाहिन्यांच्या रचनेत होणारे फरक निराळे.

व्यायामात रक्ताचा ओघ वाढला की वाहिनीच्या अंतःस्तरावर त्याचे घर्षण वाढते. अंतःस्तराच्या पेशी एल-आर्जिनिन या अमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साइड बनवतात आणि भित्तीतील अरेखित (आपोआप चालणारे) स्नायू त्याने सैलावतात. अंतःस्तर खरवडून काढला तर एरवी वाहिनी सैलावणारे ॲसिटिलकोलीन हे रसायन देऊनही रोहिणी सैलावत नाही, हे फर्चगॉट व झवाड्झकी यांनी १९८० मध्ये सशाच्या महारोहिणीवर दाखवले. त्यामागचे रसायन नायट्रिक ऑक्साइड आहे, हे पुढे ठरले. त्याबद्दल १९९८ चे नोबेल फर्चगॉट, इग्नारो व म्युराड यांना मिळाले.

मापनाची रूढ पद्धत सेलरमायर व सहकाऱ्यांची (१९९२). सहा तास उपाशी व्यक्तीला शांत खोलीत उताणे निजवून दंडातील रोहिणीचा व्यास सोनोग्राफीने मोजतात. कोपराखाली हवेने फुगणारा पट्टा बांधून तो वरच्या रक्तदाबापेक्षा बराच जास्त फुगवून ५ मिनिटे ठेवतात, मग झटकन सोडतात. रक्ताचा ओघ उसळून रोहिणी रुंदावते; तिचा व्यास किती टक्के वाढला, ते नोंदवतात. पुढची निदान ३ मिनिटे चित्रण चालू ठेवावे, कारण व्यासाचे शिखर उशिरा येऊ शकते. पट्टा दंडावर बांधला तर वाढ मोठी दिसते, पण तिचे श्रेय एकट्या नायट्रिक ऑक्साइडला देता येत नाही. ४ मिमी रोहिणीत ६ टक्के वाढ म्हणजे जेमतेम पाव मिलिमीटर. सोनोग्राफीचा प्रोब किंचित घसरला की निष्कर्षच बदलतो.

खरा वाद व्यायामानंतरच्या पहिल्या तासाभराचा आहे. बऱ्याच मापनांत ही टक्केवारी आधी घसरते, तासाभराने सावरते आणि पुढे मूळ पातळीच्या वरही जाते. काहींच्या मते ऑक्सिडीकारक ताण (पेशींना इजा करणाऱ्या क्रियाशील ऑक्सिजन-रेणूंचा मारा) व वाहिन्या आवळणाऱ्या अनुकंपी चेतांचा जोर यांमुळे अंतःस्तर खरोखर थकतो. दुसरा पक्ष हिशेबाकडे बोट दाखवतो. समजा, आधी ४.० मिमीची रोहिणी ४.२४ झाली, म्हणजे ६ टक्के. व्यायामाने ती आधीच ४.२ झाली आणि पट्टा सोडल्यावर ४.४ वर गेली, तर वाढ ४.८ टक्केच भरते, अंतिम व्यास मात्र मोठा. दोन्ही कारणे एकत्र असावीत, तरी मूळ व्यास न सांगता दिलेल्या टक्केवारीवर विसंबू नये. तीव्र व्यायामानंतरची घसरण अधिक खोल असते. सराव असलेल्यांत ती कमी दिसते.

म्हणूनच केवळ ‘४० मिनिटे चाललो’ ही नोंद अपुरी ठरते. ठाण्यात तलावपाळीच्या सपाट फेऱ्या मारताना गप्पा चालू राहतात. उपवनहून येऊरची चढण लागली की वाक्य मध्येच तुटते. वेळ तीच असली तरी तीव्रता वेगळी. फेरीनंतर मिसळ खाऊन चाचणीला बसणाऱ्याचे मापन तर बिघडलेच, कारण स्निग्ध आहारानेही काही तास विस्फारण घटते.

व्यायामानंतर रक्तदाबही काही तास उतरलेला राहतो; उच्च रक्तदाबाच्या रुग्णांत ही घट जास्त असते. यात स्नायूंतील हिस्टामिन या वाहिन्या रुंदावणाऱ्या रसायनाचा वाटा आहे आणि हिस्टामिनरोधक औषधांनी घट कमी होते, असे प्रयोगांत आढळले आहे. दमट हवेत त्वचेच्या वाहिन्याही रुंदावलेल्या असतात. अशा वेळी धावता धावता एकदम थांबले की पोटऱ्यांचा पंप बंद पडतो, रक्त पायांत साचते, भोवळ येते. शेवटची ५ ते १० मिनिटे रमतगमत चालावे. घरचा रक्तदाब फेरीला निघण्यापूर्वी मोजावा. आल्याआल्या दिसणारा कमी आकडा औषध कमी करण्याचे कारण नव्हे.