ऑफ-रोड गाडीवरचे घरी बनवलेले एलईडी दिवे: वायरिंग करताना

मोटारीची बॅटरी '१२ व्होल्ट'ची म्हणतात, पण त्या आकड्यावर दिवे बेतले तर ते फार दिवस टिकत नाहीत. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी इंजिन बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, इंजिन चालू झालं की ऑल्टरनेटर हाच आकडा १४.४ पर्यंत नेतो, आणि ऑल्टरनेटर चालू असताना बॅटरीची वायर निसटली तर क्षणभर याच्या कितीतरी पट झटका बसतो.

पांढरी पॉवर एलईडी सुमारे ३.२ व्होल्टवर चालते. तीन एकापुढे एक जोडल्या की ९.६ व्होल्ट होतात. १२ व्होल्ट गृहीत धरून ३५० मिलिअँपिअरसाठी रेझिस्टर (करंटला अडवणारा भाग) काढला तर तो ६.८ ओहमच्या आसपास येतो. इंजिन चालू केलं की याच जोडणीतून जवळजवळ दुप्पट करंट जातो! व्होल्टेज वाढलं अवघं वीस टक्के, पण ती सगळी वाढ रेझिस्टरवर येते. लहान इंडिकेटरला रेझिस्टर चालतो. उजेडाच्या दिव्याला मात्र कॉन्स्टंट करंट ड्रायव्हरच हवा, म्हणजे व्होल्टेज बदललं तरी करंट तेवढाच ठेवणारं सर्किट.

७०० मिलिअँपिअरचा, ३० व्होल्टपर्यंत इनपुट झेलणारा बक ड्रायव्हर घ्यावा आणि त्यावर तीन एलईडी एकाच माळेत जोडाव्यात. चौथी जोडायचा मोह टाळावा. बक ड्रायव्हर व्होल्टेज फक्त उतरवतो आणि चौघींना १२.८ व्होल्ट लागतात, म्हणजे इंजिन बंद केलं की उजेड मंदावेल. प्रत्येक ड्रायव्हरच्या इनपुटवर गाड्यांसाठीचा टीव्हीएस डायोड (व्होल्टेजचा झटका स्वतःवर घेणारा भाग) लावला की वर सांगितलेल्या झटक्यांपासून बरंच संरक्षण मिळतं.

असा एक दिवा पावणेसात वॅटचा होतो आणि त्यातली निम्म्याहून अधिक ऊर्जा उष्णता होते. एलईडीची पट्टी ॲल्युमिनियमच्या हीट सिंकवर (उष्णता हवेत सोडणाऱ्या तुकड्यावर) स्क्रूने घट्ट बसवावी, मध्ये थर्मल पेस्टचा अगदी पातळ थर. जाड थर उलट उष्णता अडवतो. वारा नसताना अर्धा तास दिवा लावून हीट सिंकला हात लावून पाहा. दोन-तीन सेकंदही ठेववत नसेल तर सिंक लहान पडतोय.

चार दिव्यांना ड्रायव्हरसकट जेमतेम अडीच अँपिअर लागतात. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात ५ अँपिअरचा फ्यूज, तिथून रिलेची (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचची) ३० नंबरची पिन, ८७ वरून दिवे. ८५ आणि ८६ या कॉइलच्या पिना, एक स्विचला आणि दुसरी निगेटिव्हला. फ्यूज दिव्याजवळ लावून उपयोग नाही. तो वायर वाचवण्यासाठी असतो, आणि चासीला घासून सोललेली वायर बहुधा बॅटरी आणि दिव्याच्या मधेच कुठेतरी असते.

वायर १.५ चौरस मिलिमीटरची, बारीक तारांची. चार मीटर जाऊन चार मीटर परत, एवढ्या अंतरात तिच्यात ०.२ व्होल्ट पडतात. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या वायरीत ते ०.७ च्या घरात जातं आणि बॅटरी उतरलेली असेल तेव्हा ड्रायव्हरला श्वास घ्यायला जागा उरत नाही. निगेटिव्हची वायरही बॅटरीपर्यंत न्यावी. रबरी बुशवर बसलेल्या बॉडीच्या भरवशावर अर्थिंग सोडू नये.

जोड क्रिम्प करून (धातूच्या टोपीत दाबून) वर गोंदवाली, तापवल्यावर आवळणारी हीट श्रिंक नळी. सोल्डर करू नये. सोल्डर तारांमध्ये झिरपतो, जोडाशेजारी वायर कडक होते आणि हादऱ्यांनी नेमकी तिथेच तुटते.

पाण्याचं गणित थोडं वेगळं आहे. तापलेला दिवा ओढ्यात बुडाला की आतली हवा आकुंचन पावते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. म्हणून दिव्याच्या डबीला हवा सोडणारा, पण पाणी अडवणारा व्हेंट हवा. सील करताना व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका. त्यातलं ॲसिटिक ॲसिड तांबं आणि एलईडीच्या आतला चांदीचा मुलामा खराब करतं. न्यूट्रल क्युअर सिलिकॉन घ्या.

शेवटी तपासणी दिवे चालू ठेवून करावी. मल्टिमीटरची एक टोचणी बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी दिव्याच्या निगेटिव्हला. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर जोड पुन्हा उघडा. गंजलेला जोड दिवे बंद असताना मल्टिमीटरची बीपची चाचणी (वायर जोडलेली आहे का एवढंच पाहणारी) खुशाल पास होतो.