जे बदललं नाही, ते पुन्हा का बांधायचं?

१९७६ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये स्टीव्ह जॉन्सन यांची अख्खी सकाळ वाया गेली. प्रोग्रॅममधली चूक त्यांनी दुरुस्त केली होती, पण बदललेली फाइल नव्याने कंपाइल करायची, म्हणजे लिहिलेल्या कोडचं संगणकाला चालवता येईल असं रूप बनवायचं, राहून गेलं. जुनाच प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा चालत होता आणि ते बिनचूक कोडमध्ये चूक शोधत बसले होते. वैतागून ते सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांच्याकडे गेले. त्यातून फेल्डमन यांनी ‘मेक’ हा प्रोग्रॅम लिहिला. तो आजही वापरात आहे.

मेक फाइलींच्या वेळा पाहतो. मूळ फाइल तिच्यापासून बनलेल्या फाइलपेक्षा नवी असेल, तर तेवढीच पुन्हा कंपाइल करायची, बाकीच्यांना हात लावायचा नाही.

एकट्याच्या संगणकावर हे छान चालतं. पण आता टीममधल्या कुणीही कोड जोडला, की एक सर्व्हर आपोआप सगळा प्रकल्प बांधतो आणि चाचण्या घेतो. याला कंटिन्युअस इंटिग्रेशन किंवा ‘सीआय’ म्हणतात. हा सर्व्हर बहुधा दर वेळी कोऱ्या पाटीवर सुरुवात करतो. आधी बनलेल्या फाइली तिथे नसतात. त्या कुठून आणून ठेवल्या तरी गिट, म्हणजे कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन, कोड उतरवताना प्रत्येक फाइलवर त्या क्षणाची वेळ टाकतं. घर बदलल्यावर स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर आजचीच तारीख पडावी, तसं. मग मेकला सगळंच नवं दिसतं आणि एका ओळीच्या बदलासाठी हजारो फाइली पुन्हा कंपाइल होतात.

समजा, याला चाळीस मिनिटं लागली. तेवढी वाट पाहणारा माणूस दुसऱ्या कामाला लागतो. निकाल लाल, म्हणजे नापास आला, की ती ओळ कोणत्या विचाराने लिहिली होती, हे त्याला नव्याने आठवावं लागतं. मला ही किंमत सर्व्हरच्या भाड्याहून मोठी वाटते.

यावर पहिला सल्ला मिळतो तो जास्त सर्व्हर घ्या, असा. त्याची मर्यादा संगणकतज्ज्ञ जीन अॅमडाल यांनी १९६७ सालीच दाखवली होती. चाळीसपैकी दहा मिनिटांचं काम एकामागून एकच करावं लागत असेल, तर उरलेली तीस मिनिटं तीस सर्व्हरांत वाटून एकूण वेळ अकरा मिनिटांवर येतो. त्यापुढे हजार सर्व्हर लावले तरी दहाच्या खाली उतरता येत नाही.

खरा फायदा आहे तो काम टाळण्यात. अँड्र्यू ट्रिजेल यांनी लिहिलेला ‘सीसीकॅश’ हा प्रोग्रॅम फाइलींची वेळ पाहत बसत नाही, मजकूर पाहतो. सी भाषेतली फाइल, तिने ओढून घेतलेल्या हेडर फाइली (अनेक फाइलींत लागणारा सामायिक मजकूर), कंपाइल करणारा कंपायलर आणि त्याला दिलेले पर्याय या सगळ्यांचा मिळून तो एक हॅश काढतो. हॅश म्हणजे मजकुराचा ठसा: एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा पार वेगळा. तोच ठसा आधी भेटला असेल, तर साठवलेला निकाल उचलून द्यायचा. कोड आज उतरवला की काल, याने काही बिघडत नाही. बाहेरून आणलेल्या लायब्रऱ्यांना, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार कोडलाही हेच लागू पडतं. त्यांच्या नेमक्या आवृत्त्या लिहिलेल्या लॉक फाइलचा हॅश हेच साठ्याचं नाव ठेवावं. लॉक फाइल बदलेपर्यंत पुन्हा डाउनलोड नको.

धोका असतो तो हॅशमधून सुटलेल्या गोष्टीचा. समजा, एखादी पायरी सर्व्हरवरची एखादी सेटिंग गुपचूप वाचते आणि ती हॅशमध्ये धरलेली नाही. सेटिंग बदलते, ठसा तोच राहतो, आणि सर्व्हर जुना निकाल नवा म्हणून हाती देतो. जॉन्सन यांची सकाळ पुन्हा उगवते. म्हणूनच सीसीकॅश बारकाईने वागतो. कोड स्वतःत कंपाइल झाल्याची तारीख छापून घेत असेल, तर आजची तारीखसुद्धा तो हॅशमध्ये धरतो.