जाकीट, गोल पातळ आणि पगडी : कपड्यांवरून बोलण्याची जुनी गोष्ट

एखाद्या नटीचा फोटो आला की ‘हे आपल्या संस्कृतीत बसत नाही’ म्हणणारा कुणीतरी हजर असतोच. पुढाऱ्याने जीन्स घातली तरी चर्चा, नाही घातली तरी चर्चा. सोशल मीडियामुळे लोक बिघडले, असं यावर म्हटलं जातं. ते काही खरं नाही. हा वाद मराठी माणूस निदान सव्वाशे वर्षं घालतो आहे आणि त्यातली गंमत अशी की, एका पिढीने ज्यावर नाक मुरडलं तेच पुढच्या पिढीने परंपरा म्हणून मिरवलं.

ब्लाऊजचंच बघा. गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ साली ‘सुधारक’ सुरू केलं. संमतिवय, विधवांचं केशवपन अशा जड विषयांवर लिहिणाऱ्या या माणसाने एका निबंधाला शीर्षक दिलं होतं ‘स्त्रियांनी जाकिटे घातलीच पाहिजेत’. जाकीट म्हणजे अंगाला नीट झाकणारं शिवलेलं पोलकं. आज साडीवर ब्लाऊज नसेल तर लोक बोलतील, तेव्हा असला तर बोलत. मडमेची नक्कल, दुसरं काय! मला मात्र त्या शीर्षकातला ‘च’ अडतो. बाईने काय घालू नये हे सनातनी सांगत होते, काय घातलंच पाहिजे हे सुधारक सांगत होते. बाईला कुणी विचारल्याचं फारसं दिसत नाही.

त्यानंतरचा वाद कासोट्याचा. नऊवारी लुगडं काष्टा घालून नेसायचं, ते सकच्छ. पाचवारी गोल नेसली की ती विकच्छ. हे शब्द आता कुणी वापरत नाही, पण एके काळी त्यांवरून घराघरांत अबोले झाले. काष्ट्याशिवाय स्वयंपाकघरात सोवळ्याने वावरायचं कसं, असा थोरल्या बायकांचा सवाल असे. आमच्या आजीने शेवटपर्यंत पाचवारीला ‘साडी’ म्हटलं नाही. ‘गोल पातळ’ म्हणायची, आणि ते म्हणताना ओठ किंचित दुमडायची. ते गोल पातळ आता कचेरीतला सभ्य, पारंपरिक पोशाख झालंय.

याच काळात बायकांनी कसं नटावं हे रंगभूमी ठरवत होती, तेही एका पुरुषाच्या अंगावर बघून. बालगंधर्व (१८८८–१९६७) स्त्रीभूमिकेत जी साडी नेसत, जसा अंबाडा घालत, नथ आणि गजरा माळत, त्याची नक्कल घरंदाज बायका करत. राजकारणही त्यांच्यापासून लांब नव्हतं. जुलै १९२१ मध्ये गायक नट केशवराव भोसले आणि बालगंधर्व यांनी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ हे नाटक केलं, ते स्वातंत्र्यचळवळीच्या टिळक स्वराज्य फंडासाठी. नट, पैसा आणि चळवळ एकाच मांडवात आली ती तेव्हाच.

कपडा ही खरीखुरी राजकीय बाब आहे, हे सगळ्यात स्वच्छ कुणी ओळखलं असेल तर ते बाबासाहेब आंबेडकरांनी. महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती जाळली गेली, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच परिषदेत त्यांनी जमलेल्या बायकांपुढे वेगळं भाषण केलं, त्याची आठवण कमी निघते. गुडघ्यापर्यंत वर खोचलेलं लुगडं आणि हातापायांतले कथलाचे, चांदीचे जड दागिने या जातीच्या खुणा आहेत, असं त्यांनी सांगितलं. लुगडं खाली सोडून नेसा, दागिन्यांचं ओझं टाका. लांबून बघूनच बाईची जात कळावी अशी ती व्यवस्था होती, म्हणून चार बोटं खाली आलेला काठ हे बंड ठरत होतं. त्यांच्या स्वतःच्या सुटाबुटावर टीका करणारे पुष्कळ होते. गांधींनी १९२१ मध्ये मदुराईत अंगावरचे कपडे उतरवून पंचा जवळ केला, त्याचं कौतुक झालं. पण मुळात ज्यांना धड कपडा घालू दिला नव्हता त्यांना कपडे टाकून पंच्यावर येण्याचा त्याग कसा परवडणार? चौकाचौकांतले निळ्या सुटातले पुतळे उभे आहेत ते याच उत्तरासाठी.

मग सिनेमा आला. कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सचा ‘ब्रह्मचारी’, साल १९३८. कथा आचार्य अत्र्यांची, दिग्दर्शन आणि नायकाची भूमिका मास्टर विनायकांची. आजन्म ब्रह्मचर्याची शपथ घेतलेल्या नायकासमोर मीनाक्षी शिरोडकर पोहण्याचा पोशाख घालून ‘यमुनाजळी खेळू खेळ’ गातात. शब्द पाहावेत तर गौळणीचे, अंगात स्विमसूट. महाराष्ट्रभर गहजब झाला आणि चित्रपटही जोरात चालला. मीनाक्षीबाईंची नात नम्रता १९९३ मध्ये मिस इंडिया झाली, तेव्हा आजीचा तो पोशाख वर्तमानपत्रांच्या दृष्टीने कौतुकाचा विषय होऊन बसला होता.

पुरुष यातून सुटले असं नाही. उघड्या डोक्याने बाहेर पडणं एके काळी अशुभ किंवा उर्मट मानत. पुढे गांधी टोपी आली. तिच्यासाठी लोकांनी लाठ्या खाल्ल्या, आणि स्वातंत्र्यानंतर ‘टोपी घालणं’, ‘टोपी फिरवणं’ हे शब्दप्रयोग पुढाऱ्यांना चिकटले ते त्यांनी स्वकष्टाने कमावलेले आहेत. पुणेरी पगडीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण जून २०१८ मध्ये पुण्याच्या सभेत शरद पवारांनी छगन भुजबळांना फुले पागोटं घातलं आणि यापुढे सत्काराला हेच वापरा म्हणून सांगितलं, तेव्हा पगडीपेक्षा पगडीखालच्या जातीवरच सगळे बोलले.

सरकारही मागे नाही. डिसेंबर २०२० मध्ये कर्मचाऱ्यांना जीन्स-टीशर्ट नको, शुक्रवारी खादी वापरा असं परिपत्रक निघालं. मार्च २०२४ मध्ये शिक्षकांचा नंबर लागला.

नऊवारी दरम्यान परत आली आहे. १९९९ मध्ये डोंबिवलीत गुढीपाडव्याची शोभायात्रा निघाली, मग गावोगावी लोण पसरलं. फेटा, गॉगल, नऊवारी आणि बुलेट. ही नऊवारी शिवलेली असते. आत इलॅस्टिक, बाजूला चेन, काष्टा आधीच टाचलेला. म्हणून मुली ती ‘नेसत’ नाहीत, ‘घालतात’. पाडव्याच्या आधी भाचीसोबत अशा एका दुकानात गेलो होतो. दुकानदारीणबाईंनी दोन मिनिटांत तिच्यावर ती चढवून दाखवली, आरशासमोर उभं केलं आणि ब्लाऊजचं माप घेता घेता विचारलं, “मागून पूर्ण उघडा ठेवू ना? सध्या तेच चालतंय. नॉट लावू की हुक?”