कोयनेचा खडक ऐकायचा तर मुरमाच्या खाली जा

कोयना धरणाचं पाणी पावसाळ्यात चढतं, उन्हाळ्यापर्यंत उतरतं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे इथे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. तेव्हापासून या चढउताराचा खालच्या खडकावर काय परिणाम होतो, हे तपासलं जातंय. कराडजवळच्या केंद्र सरकारच्या प्रयोगशाळेने तर गोठणे इथे सुमारे ३ किलोमीटर खोल छिद्र घेतलं.

अडचण अशी की, वरची मातीही त्याच पंचांगाने चालते. जूनमध्ये भिजते, मार्चपर्यंत भेगाळते. मातीत खिळ्यासारख्या टोकावर रोवलेल्या जिओफोनची, म्हणजे जमिनीची हालचाल टिपणाऱ्या यंत्राची, नोंद जुलैत एक आणि एप्रिलमध्ये दुसरी आली, तर बदललं काय? खडक की माती?

म्हणून जिओफोन पुरायचा आणि पुन्हा हलवायचा नाही. माती-मुरूम ओलांडून अखंड काळा पाषाण लागेपर्यंत बोअर मारायचं. तिथे वाऱ्याने डोलणारी झाडं, ऊस वाहणारे ट्रॅक्टर यांचा गोंगाटही कमी पोचतो.

खरी मेख भरावात आहे. जिओफोन सैल राहिला तर स्वतःचंच डुलणं नोंदवत बसतो. वाळू ओतणं सोपं, पण भूजल वर-खाली झालं की ती दबते. त्यापेक्षा सिमेंटमध्ये थोडं बेंटोनाइट (पाण्याने फुगणारी चिकणमाती) कालवून पातळ ग्राउट, म्हणजे ओतता येईल असा लगदा, करावं आणि नळीने तळापासून वर भरत यावं. नळीचं तोंड ग्राउटमध्येच बुडालेलं हवं. घाईने वरून ओतलं तर सिमेंट पाण्यात धुतलं जातं आणि नेमक्या जिओफोनभोवती पोकळ्या राहतात. एकदा घट्ट झालेलं ग्राउट मग काढताही येत नाही.

तीन दिशांचा जिओफोन खाली सोडताना गरगर फिरतो आणि बोअरच्या लोखंडी केसिंगमध्ये (आत बसवलेल्या नळीत) होकायंत्र फसतं. म्हणून ठाऊक जागेवर वजन आपटून दिशा काढतात. १० अंश चुकले, तर एका दिशेच्या हालचालीचा १७ टक्के भाग दुसरीत मिसळतो.

मग कस लावायचा. त्याच जागी, तेच वजन, तितक्याच उंचीवरून दोनदा टाकायचं. दोन नोंदींची वजाबाकी करून तिचा सरासरी जोर मूळ नोंदींच्या जोराशी ताडायचा. नोंदी हुबेहूब असल्या तर उत्तर ० टक्के, एकमेकींशी काही संबंधच नसला तर १४१ च्या आसपास. हे माप फार कडक आहे: ३० हर्ट्‌झच्या लहरीत नोंद घेणारं घड्याळ नुसतं १ मिलिसेकंद सरकलं तरी १९ टक्के फरक दिसतो. साध्या क्वार्ट्‌झ घड्याळात दहा लाखांत एक भाग चूक असली, तर दिवसाला ८६ मिलिसेकंद जातात. त्यामुळे बोअरच्या तोंडाशी जीपीएसची वेळ जोडलेली नसेल, तर खालची सगळी मेहनत वाया.