माकुळाचा अक्षतंतू आणि चेतापेशीच्या विजेचे गणित

मिरकरवाडा, हर्णै किंवा मालवणच्या बंदरावर टोपल्यांतून उतरणाऱ्या माकुळाला आपण कालवणापुरते ओळखतो. तो साफ करताना डोके ओढले की आतली पारदर्शक पात निघून येते, शाईची पिशवी बाजूला काढावी लागते आणि उरलेली नळी धुऊन चिरली जाते. त्या नळीच्या आतल्या अंगाला, डोक्याकडच्या काठाजवळ, डाव्या आणि उजव्या बाजूस एकेक पांढुरकी, टोकेरी गाठ असते. ही मज्जापेशींची गाठ असून तिच्यातून बारीक धागे मांसात पसरलेले असतात. मागच्या टोकाकडे जाणारा धागा त्यांत सर्वांत जाड असतो, आणि त्याच्या आत एकच अखंड अक्षतंतू, म्हणजे चेतापेशीचा संदेश वाहून नेणारा लांब फाटा, धावत असतो. मेंदूतील पेशींमध्ये वीज कशी निर्माण होते हे माणसाला पहिल्यांदा नीट कळले ते अशाच एका अक्षतंतूमुळे.

हा तंतू इतका जाड असण्याचे कारण माकुळाच्या पळण्यात आहे. संकट दिसताच तो नळीत भरलेले पाणी एका झटक्यात बाहेर फेकतो आणि उलट दिशेने निसटतो. त्यासाठी नळीच्या सर्व भागांतील स्नायू जवळजवळ एकाच क्षणी आवळले गेले पाहिजेत. आपल्या शरीरातील वेगवान मज्जातंतूंवर चरबीयुक्त आवरण असते, आणि त्यामुळे ते बारीक असूनही संदेश झपाट्याने नेतात. माकुळाकडे ते आवरण नाही. त्याच्यापाशी वेग वाढवण्याचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे तंतूची जाडी वाढवणे. म्हणूनच लांबच्या स्नायूंकडे जाणारे तंतू जवळच्यांपेक्षा जाड असतात आणि अंतर जास्त असूनही संदेश फारसा उशीर न होता पोहोचतो. इंग्लंडचे प्राणिशास्त्रज्ञ जे. झेड. यंग यांनी १९३६ मध्ये या तंतूंकडे शरीरक्रियाशास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. त्यांची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, क्वचित एक मिलिमीटरपर्यंत असते. माणसाचे अक्षतंतू बहुधा मिलिमीटरच्या हजाराव्या ते पन्नासाव्या भागाइतके जाड असतात, हे लक्षात घेतले म्हणजे या शोधाचे मोल कळते.

पेशीची वीज मोजायची तर तिच्या पटलाच्या, म्हणजे तिच्याभोवतीच्या पातळ पडद्याच्या, आत आणि बाहेर किती विभवांतर (व्होल्टेजमधील फरक) आहे ते मोजावे लागते, आणि त्यासाठी एक विद्युताग्र, म्हणजे वीज मोजणारे टोक, आत नेणे भाग असते. १९३९ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधील प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेत ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्स्ली यांनी माकुळाच्या तंतूत त्याच्या अक्षाच्या दिशेने सुमारे एक दशांश मिलिमीटर जाडीची काचनळी सरकवली. हॉजकिन तेव्हा २५ वर्षांचे होते आणि हक्स्ली २१ वर्षांचे. तोवर सर्वमान्य असलेले मत १९०२ मध्ये युलियस बर्नस्टाइन यांनी मांडले होते. त्यानुसार विश्रांतीच्या वेळी पेशीचा आतला भाग बाहेरच्या तुलनेत ऋण असतो आणि संदेश जाताना पटल क्षणभर सर्व आयनांना, म्हणजे विद्युतभारित कणांना, मोकळे होऊन हे विभवांतर शून्यावर येते. प्लिमथला मात्र ते सुमारे उणे ४५ मिलिव्होल्टवरून निघून शून्य ओलांडून जवळजवळ अधिक ४० मिलिव्होल्टपर्यंत चढलेले दिसले. पटल नुसते खुले झाले असते तर विभवांतर शून्याच्या पलीकडे जाण्याचे काही कारण नव्हते. म्हणजे कोणत्या तरी एका आयनासाठी वेगळी वाट उघडत असली पाहिजे. हा निष्कर्ष तपासण्याआधीच सप्टेंबरमध्ये महायुद्ध सुरू झाले आणि काम थांबले.

हा आयन सोडिअमचा आहे हे हॉजकिन आणि बर्नार्ड काट्झ यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून स्पष्ट झाले. तंतूभोवतीच्या समुद्राच्या पाण्यातील सोडिअम कमी केले की स्पंदाची, म्हणजे संदेश जाताना विभवांतरात येणाऱ्या या उसळीची, उंची कमी होते, इतका तो सरळ पुरावा होता. मात्र खरी अडचण यापुढची होती. पटलाची आयनांना वाट देण्याची क्षमता विभवांतरावर अवलंबून असते, आयन वाहू लागले की विभवांतर बदलते, आणि ते बदलले की वाट पुन्हा बदलते. एका मिलिसेकंदाच्या आसपास उरकणाऱ्या या चक्रात कारण कोणते आणि परिणाम कोणता हे वेगळे करणे अशक्यच होते.

त्यावरचा उपाय अमेरिकेत केनेथ कोल आणि जॉर्ज मार्मोंट यांनी १९४७ च्या सुमारास शोधला. त्याला व्होल्टेज क्लँप म्हणतात. गळक्या पिंपातील पाण्याची पातळी जराही ढळू न देता वरून पाणी ओतत राहिले, तर आपण ओतलेले पाणी मोजून गळती किती आहे हे अचूक सांगता येते. याच तत्त्वाने एक इलेक्ट्रॉनिक प्रवर्धक तंतूचे विभवांतर ठरवलेल्या पातळीवर पकडून ठेवतो आणि त्यासाठी त्याला जी विद्युतधारा पुरवावी लागते तीच पटलातून वाहणारी आयनांची धारा असते. हॉजकिन आणि हक्स्ली यांच्या उपकरणात एका बारीक काचकाडीवर चांदीच्या दोन तारा गुंडाळलेल्या होत्या. त्यांतली एक विभवांतर मोजत असे आणि दुसरी धारा पुरवत असे. ही काडी तंतूच्या भिंतीला न खरचटता आत सरकवावी लागे. शरीरक्रियाशास्त्राच्या इतिहासात इतक्या साध्या वस्तूंतून इतके मोठे ज्ञान क्वचितच हाती आले असेल.

विभवांतर असे थोपवून धरल्यावर धारेचे दोन भाग दिसले. आधी आत येणारी धारा झटकन वाढे आणि आपोआप मावळे. तिच्या मागून बाहेर जाणारी धारा सावकाश वाढून टिकून राही. बाहेरच्या पाण्यातील सोडिअमच्या जागी कोलीन हा दुसरा आयन घातला की पहिला भाग नाहीसा होई. दोन्ही आलेखांची वजाबाकी केली की सोडिअमचा वाटा आणि पोटॅशिअमचा वाटा वेगवेगळे हाती येत. प्रत्येक वाट्याच्या चढउताराला त्यांनी समीकरणे जुळवली. सोडिअमसाठी उघडण्याची एक राशी आणि बंद पडण्याची दुसरी, पोटॅशिअमसाठी तिसरी, आणि चौथे समीकरण खुद्द विभवांतराचे, अशी ही चार अवकल समीकरणे १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली. पटलात कसली दारे आहेत हे तेव्हा कोणीच पाहिलेले नव्हते. समीकरणांचे स्वरूप मात्र अनेक छोटे भाग एकाच वेळी अनुकूल स्थितीत आले तरच वाट उघडते, असे सुचवत होते.

यापुढचा टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ही समीकरणे विभवांतर थोपवून धरलेल्या तंतूवरून बनवली होती, म्हणजे ज्या तंतूत संदेश धावूच दिलेला नव्हता त्याच्यावरून. ती खरी असतील तर मोकळ्या तंतूतील स्पंद त्यांतून आपोआप बाहेर पडायला हवा होता. केंब्रिजचा संगणक नेमका त्या वेळी दुरुस्तीसाठी बंद होता, म्हणून हक्स्ली यांनी हाताने फिरवायच्या ब्रुन्सविगा गणनयंत्रावर पायरीपायरीने आकडेमोड केली. धावणाऱ्या स्पंदासाठी आधी वेगाचा एक अंदाज धरावा लागे. अंदाज चुकला की गणिती विभवांतर वर किंवा खाली अमर्याद निघून जाई आणि नव्या अंदाजाने पुन्हा सुरुवात करावी लागे. या एका स्पंदाला सुमारे तीन आठवडे लागले. उत्तर आले सेकंदाला १८.८ मीटर, प्रत्यक्ष तंतूत मोजलेला वेग होता २१.२ मीटर. वेगाचा आकडा समीकरणे जुळवताना कुठेही वापरलेला नव्हता. ज्या गोष्टीवर प्रतिमान, म्हणजे समीकरणांतून उभे केलेले हे गणिती रूप, बेतलेले नाही तीच त्याने इतक्या जवळून सांगावी, ही त्याची खरी परीक्षा होती, आणि आजही एखाद्या प्रतिमानाची थोरवी ऐकली की मी आधी हाच प्रश्न विचारतो. हॉजकिन आणि हक्स्ली यांना १९६३ चे नोबेल पारितोषिक जॉन एकल्स यांच्यासह मिळाले.

समीकरणे सर्वत्र चालतात, पण त्यांतील स्थिरांक ज्याचे त्याचे असतात. प्लिमथच्या थंड पाण्यातील माकुळाचे आकडे कोकणच्या कोमट समुद्रातील माकुळाला जसेच्या तसे लावता येणार नाहीत, कारण जाती वेगळ्या आहेत. शिवाय तापमान १० अंशांनी वाढले की ही दारे उघडण्या-मिटण्याचा वेग सुमारे तिप्पट होतो, असे हॉजकिन आणि हक्स्ली यांनीच धरले होते.

सोडिअमची वाट स्वतंत्र आहे याचा आणखी एक पुरावा ज्या माशातून आला, तो आपल्या मच्छीमारांच्या शिव्यांचा धनी आहे. केंड जाळी कुरतडतो आणि जाळ्यातील माकुळाचाही फडशा पाडतो. त्याच्या अनेक जातींच्या यकृतात आणि अंडाशयात टेट्रोडोटॉक्सिन नावाचे विष असते. १९६४ मध्ये तोशिओ नाराहाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉबस्टरच्या अक्षतंतूवर व्होल्टेज क्लँप वापरून दाखवले की हे विष सोडिअमची धारा पूर्ण रोखते, पण पोटॅशिअमच्या धारेला धक्काही लावत नाही. हॉजकिन आणि हक्स्ली यांना जी वजाबाकी करावी लागली होती ती आता विषाच्या एका थेंबाने होऊ लागली. विषबाधा झालेल्या माणसाचा श्वास थांबतो तोही याच कारणाने, कारण श्वासाच्या स्नायूंकडे जाणाऱ्या मज्जातंतूंत स्पंदच उठत नाहीत.

माणसाच्या किंवा उंदराच्या मेंदूतील पेशीत तार सरकवणे शक्य नसते. तिथे पॅच क्लँप वापरतात. एर्विन नेहर आणि बेर्ट झाकमान यांनी हे तंत्र १९७६ मध्ये मांडले आणि १९९१ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. तापवून ओढलेल्या काचनळीचे टोक मिलिमीटरच्या सुमारे हजाराव्या भागाइतके बारीक असते. सूक्ष्मदर्शकाखाली ते पेशीच्या पटलाला टेकवून हलकेच शोषले की पटल काचेला इतके घट्ट चिकटते की कडेने जवळजवळ काहीच झिरपत नाही. मेज हवेच्या उशांवर तरंगते ठेवलेले असते, आणि भोवती धातूच्या जाळीचा पिंजरा असतो, नाहीतर घरगुती विजेची ५० हर्ट्झची गुणगुण सगळे मोजमाप झाकून टाकते. मग पडद्यावर एकाच प्रथिनाची, म्हणजे पटलातील आयनांच्या एकाच दाराची, धारा दिसते. ती काही पिकोॲम्पियरची (ॲम्पियरच्या एक लाख कोटीव्या भागांची) असते, क्षणात पूर्ण चालू होते आणि क्षणात बंद पडते. दार केव्हा उघडेल हे नक्की सांगता येत नाही. पण अशा शेकडो नोंदींची सरासरी काढली की १९५२ चे गुळगुळीत वक्र परत मिळतात.

इतके सगळे मोजल्यावर पेशी पूर्ण कळली असे वाटू शकते. या समजाला शेवंडाने चाप लावला. शेवंडाच्या जठराची लय सांभाळणाऱ्या गाठीत जेमतेम ३० चेतापेशी असतात. अमेरिकेत ईव्ह मार्डर यांच्या प्रयोगशाळेने २००४ मध्ये त्यातील लहानशा जाळ्याची २ कोटींहून अधिक प्रतिमाने संगणकावर चालवली. त्यातील साडेचार लाखांच्या आसपास प्रतिमानांनी योग्य लय दिली, आणि त्यांच्यातील आयन-वाटांचे व जोडण्यांचे प्रमाण एकमेकांपासून पुष्कळ वेगळे होते. म्हणून अनेक प्राण्यांतील आकड्यांची सरासरी काढून बनवलेली पेशी कोणत्याच खऱ्या प्राण्यासारखी वागेल याची खात्री नसते.

याच प्रयोगशाळेत १९९३ मध्ये घडवलेली एक पद्धत आता अनेक ठिकाणी वापरात आहे. तिला डायनॅमिक क्लँप म्हणतात. तिच्यात संगणक जिवंत पेशीचे विभवांतर सेकंदाला हजारो वेळा वाचतो, एखादी काल्पनिक आयन-वाट त्या क्षणी किती धारा सोडेल हे हॉजकिन-हक्स्ली धर्तीच्या समीकरणांनी काढतो आणि तेवढी धारा त्याच काचनळीतून पेशीला देतो. पेशी त्या वाटेला स्वतःचीच समजून वागते. समीकरणातील एकच स्थिरांक बदलून तिची लय मोडते की टिकते, हे संशोधक आता खऱ्या पेशीवरच पाहू शकतात.