सातबारावरची बहीण: 'हक्कसोड'मागचा इतिहास

तेरावा झाला की वारसनोंदीची घाई सुरू होते आणि 'ताई, एवढी सही करून टाक' हे वाक्य कानावर येतं. जमिनीतला हक्क सोडल्याच्या या सहीला मागचा पुढचा बराच इतिहास आहे.

1956 च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या हिश्श्यात वाटा दिला, पण वडिलोपार्जित मिळकतीतला जन्मतः हक्क मुलग्यांकडेच ठेवला.

तो जन्मतः हक्क मुलींनाही देण्यात महाराष्ट्र केंद्राच्या 11 वर्षं पुढे होता. 1994 च्या या दुरुस्तीचं कौतुक होतं, व्हायलाच हवं. पण त्यात एक मेख होती: 22 जून 1994 पूर्वी लग्न झालेल्या मुलींना हा हक्क नाही. म्हणजे त्या मे महिन्याच्या लगीनसराईत उजवलेली थोरली बाहेर आणि तुळशीच्या लग्नानंतर बोहल्यावर चढलेली धाकटी आत. आईबाप तेच, जमीनही तीच. जुनी वाटपं उकरली जाऊ नयेत म्हणून ही अट, असं म्हणावं तर आधी झालेली वाटपं त्याच कायद्यात स्वतंत्रपणे वगळलेली होती. मग लग्नाची तारीख कशाला? दिल्या घरची लेक परकी, हा जुनाच हिशोब कलमात उतरला, दुसरं काय.

9 सप्टेंबर 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने हा भेद गेला. पण मुलीला हक्क मिळायला त्या दिवशी वडील हयात हवेत का, यावर वाद झाला. सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये 'हवेत' म्हटलं, 11 ऑगस्ट 2020 ला 'गरज नाही'.

गावात मात्र शब्द एकच, हक्कसोड. तलाठ्यापुढचा जबाब, स्टँपपेपरवरचं प्रतिज्ञापत्र, कोऱ्या कागदावरचा अंगठा, सगळ्याला लोक हेच म्हणतात. खरं हक्कसोडपत्र म्हणजे दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला दस्त. नुसत्या जबाबाने जमिनीतला हिस्सा जात नाही. हे बहिणीला बहुधा सही झाल्यावर कळतं. तोवर 'माहेर तुटेल' ही भीती आणि भाऊबिजेची साडी यांनी काम केलेलं असतं.

सही न करणाऱ्यांचंही जुन्या सातबाऱ्यांवर काय झालं ते पाहण्यासारखं आहे. भावांची नावं कब्जेदार म्हणून लागली. बहिणींची गेली 'इतर हक्क' या रकान्यात, सोसायटीच्या कर्जाच्या बोजाशेजारी.